द्रव्यरक्षणाची वऱ्हाडी रीत आणि कूटचलनाचा बटवा

अचलपूर आणि परतवाडा ही मेळघाटाच्या पायथ्याशी वसलेली जोडगावे होत. पहिले इमादशाहीच्या काळापासूनचे राजनगर. दुसरे हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीलगत वाढलेली उघडी बाजारपेठ. मेळघाटचे सागवान, वऱ्हाडचा कापूस आणि छावणीतील शिपायांचा पगार यांमुळे येथे रोकडीची ये-जा सतत असे. आणि रोकड आली म्हणजे ती ठेवावी कोठे, हा प्रश्नही तिच्यामागोमाग येतोच. २००९ साली बिटकॉइन प्रचारात आले व त्यामागून इतर कूटचलने, म्हणजे ज्यांना सर्रास क्रिप्टोकरन्सी म्हणतात ती, आली. त्यांच्यासाठी सुरक्षित 'वॉलेट' कोणते घ्यावे, नित्य वापरास कोणते आणि शिलकीस कोणते, असे आज याच पेठेतील एखाद्या दुकानदाराने विचारले तर तो प्रश्न वरकरणी अगदी नवा वाटेल. प्रश्नाचे यंत्र नवे आहे खरे. परंतु प्रश्न या प्रदेशाने पूर्वी अनेक वेळा सोडविलेला आहे, आणि काही वेळा तो सोडविण्यात त्याची फसगतही झालेली आहे.

प्रथम शब्दांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. नित्याच्या पैशासाठी मराठीत जे शब्द आहेत ते सारे वस्तुवाचक आहेत: कमरेस बांधावयाचा कसा, बायकांचा बटवा, पानसुपारीबरोबर चार नाणी सामावून घेणारी चंची, आणि फारसी 'कीसा' यावरून आलेला खिसा. या सर्व वस्तू अंगावर बाळगावयाच्या आहेत. शिलकीचे शब्द मात्र निराळ्या जातीचे. 'ठेव' हा 'ठेवणे' या क्रियेचाच शब्द. 'निक्षेप' याचाही अर्थ खाली ठेवणे हाच. आणि अरबी 'अमानत' हा शब्द मराठीत वर्णविपर्यय होऊन 'अनामत' झाला, त्याच्या मुळाशी विश्वास ही कल्पना आहे. हे शब्द पात्राची नव्हे, तर ठेवणारा आणि राखणारा यांच्यातील संबंधाची नावे आहेत. खर्चाचा पैसा अंगाशी आणि शिलकीचा पैसा नात्याशी, अशी ही वाटणी भाषेतच रुळलेली दिसते. म्हणूनच एकाच 'वॉलेट' या शब्दाखाली दोन्ही गोष्टी आल्या की घोटाळा होतो.

या वाटणीचे एक जुने उदाहरण वऱ्हाडशी संबंधित चरित्रात आढळते. चक्रधरस्वामी पूर्वाश्रमीचे भडोचचे हरिपाळदेव. द्यूतात हरल्यावर देणे फेडण्यासाठी त्यांनी पत्नी कमळाइसेकडे अलंकार मागितले आणि तिने ते देण्यास नकार दिला, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यातून आलेली विरक्ती त्यांना रामटेकच्या वाटेने ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंपाशी घेऊन आली. चरित्रकारांचे लक्ष अर्थातच वैराग्यावर आहे. अर्थव्यवहाराच्या अभ्यासकाचे लक्ष कमळाइसेच्या नकारावर गेले तर तो त्याचा दोष समजू नये. नवऱ्याच्या हातचा पैसा द्यूतात जाऊ शकला, अलंकार जाऊ शकले नाहीत; कारण त्यांची किल्ली दुसऱ्या हाती होती. मेळघाटातील कोरकू स्त्रियांच्या अंगावरील चांदीचे दागिने हीसुद्धा अशीच शिल्लक: डोळ्यांसमोर असलेली, तरी सहज खर्च न होणारी.

नात्यावर विश्वास नसेल तेव्हा उपाय एकच, जमिनीत पुरणे. पेंढारी आणि लुटारू यांच्या काळात तो अविचार नव्हता. पुरलेल्या हंड्याला राखणदार नको, व्याज नको, कागद नको. त्याचा दोष एवढाच की जागा ठाऊक असलेला माणूस अकस्मात मेला म्हणजे धन असूनही नसल्यासारखे होते. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्यास भूमिगत धन दिसते, हा आपल्याकडील समज अशाच बेवारस हंड्यांमुळे टिकून राहिला असावा. सरकारलाही या गोष्टीची दखल घ्यावी लागली: १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास कलेक्टरास कळविणे बंधनकारक केले.

ठेवीचा विचार धर्मशास्त्राने फार बारकाईने केलेला आहे. मनूच्या अठरा व्यवहारपदांत निक्षेपाचे स्थान ऋणादानाच्या लगेच पुढचे आहे. याज्ञवल्क्याने आणखी एक भेद सांगितला: आत काय आहे हे न सांगता बंद पात्रात दुसऱ्याच्या हाती दिलेले द्रव्य ते औपनिधिक. राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळे असे द्रव्य गेल्यास राखणाऱ्यास भरपाईचा दंड नाही. परंतु मालकाने मागितल्यावरही ते दिले नाही आणि त्यानंतर ते गेले, तर मात्र भरपाई आहे. हा नियम आजच्या वाचकाने ध्यानात ठेवावा. आपली कूटचलने बाजारचालक कंपनीच्या, म्हणजे एक्स्चेंजच्या, ताब्यात ठेवणाऱ्याने तिच्या अटींमध्ये नेमक्या याच दोन गोष्टी शोधावयाच्या असतात: चोरी झाल्यास भार कोणावर, आणि परत मागितल्यावर किती दिवसांत मिळणार.

पेढ्यांचा आणि हुंडीचा व्यवहार यापुढची पायरी होय. दर्शनी हुंडी दाखविताच पटवावयाची, मुदती हुंडी ठरल्या दिवशी. शहाजोग हुंडीचा पैसा पतीच्या माणसालाच द्यावयाचा. आणि जोखमी हुंडीत माल सुखरूप पोहोचल्यावरच देणे लागू होई. हुंडीत रक्कम अंकी लिहीत, अक्षरी लिहीत, आणि शिवाय तिच्या निम्म्या रकमेचा उल्लेख करून त्याची दुप्पट असेही लिहीत, म्हणजे कोणी एक आकडा खोडला तरी बाकीचे दोन साक्ष देत. हुंडी हरवली तर 'पेठ' नावाची दुसरी प्रत मिळे, तीही गेली तर 'परपेठ'. दुसरी प्रत देताना सावकार कागदाकडे पाहत नसे, माणसाकडे पाहत असे. मोडीतील खत न वाचता त्यावर अंगठा उठविणाऱ्या कुणब्याला याच सावकाराने किती नाडले हा इतिहास वेगळा, आणि तो विसरण्याचे कारण नाही. परंतु हरवलेली किल्ली परत मिळवून देण्याची सोय त्या व्यवस्थेत होती एवढे मान्य केले पाहिजे.

अर्थात राखणाऱ्याचाही कोणी राखणारा असतो. विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंच्या पेढीने १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईस पाठविण्यास आरंभ केला आणि पुढे निजाम सरकारास कर्जे देऊन त्यांच्या फेडीसाठी वऱ्हाडातील महसूल स्वतःकडे लावून घेतला. १८४३ मध्ये दिवाण चंदूलाल पदावरून दूर झाला, मुलूख परत घेण्यात आला, आणि त्या काळची अत्यंत सबळ समजली जाणारी ही पेढी मोडकळीस आली. कंटिंजंटच्या पगाराची थकबाकी साचत जाऊन १८५३ च्या तहाने वऱ्हाडच इंग्रजांकडे गेला, हे सर्वश्रुत आहे. पुढे १८६५ च्या कापूस-सट्ट्याच्या पडझडीनंतर मुंबई बँक १८६८ मध्ये बुडाली. पत मोठी म्हणून ठेव निर्धास्त, हे समीकरण या प्रदेशाच्या इतिहासात टिकत नाही.

आता नव्या बटव्याकडे वळू. वॉलेट या नावाने मोठीच दिशाभूल केलेली आहे. त्यात पैसा नसतोच. कोणाकडे किती नाणी हे एका सार्वजनिक वहीत लिहिलेले असते, त्या वहीच्या प्रती जगभरच्या संगणकांवर असतात, आणि वॉलेटात असते ती केवळ त्या वहीत आपल्या नावचा खर्च मांडण्याची गुप्त किल्ली. तेव्हा वॉलेटांचे शेकडो प्रकार सांगितले जात असले तरी प्रश्न दोनच उरतात: किल्ली कोणाच्या हाती, आणि ती यंत्रजालास जोडलेली आहे की नाही. एक्स्चेंजवरील खाते ही ठेव आहे. मोबाईलमधील स्वतःच्या किल्लीचे ॲप हा कसा आहे. आणि जालापासून अलग असलेले, किल्ली आत ठेवून केवळ सही बाहेर देणारे छोटे उपकरण हा पुरलेला हंडा आहे. असे पहिले उपकरण २०१४ साली विक्रीस आले.

ठेवीच्या प्रकाराची परीक्षा भारतात १८ जुलै २०२४ रोजी झाली. वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे तेवीस कोटी डॉलर मोलाची कूटचलने त्या दिवशी चोरीस गेली आणि ग्राहकांच्या ठेवी वर्षाहून अधिक काळ अडकून पडल्या. लुटलेले वॉलेट एका किल्लीचे नव्हते. अनेक सह्यांवाचून ते उघडत नव्हते. कंपनीच्या निवेदनानुसार सही करणाऱ्यांना पडद्यावर एक मजकूर दिसत होता आणि प्रत्यक्ष सही दुसऱ्याच मजकुरावर होत होती. न वाचलेल्या खतावरील अंगठ्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. यास्तव शिलकीसाठी उपकरण निवडताना व्यवहाराचा पूर्ण तपशील त्याच्या स्वतःच्या पडद्यावर वाचता येतो की नाही, ही कसोटी किमतीहून महत्त्वाची मानावी.

स्वतःच्या हातच्या किल्लीची गोष्ट भाषाभ्यासकास विशेष रोचक वाटेल. २०१३ साली प्रस्तावित झालेल्या पद्धतीनुसार ही किल्ली बारा किंवा चोवीस साध्या शब्दांत लिहून ठेवता येते. शब्द २०४८ च्या ठराविक यादीतून येतात. इंग्रजी यादीत पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द निःसंदिग्ध ओळखता यावा अशी योजना आहे. अखेरच्या शब्दाचा काही अंश आधीच्या सर्व शब्दांची पडताळणी करतो, म्हणून एखादा शब्द चुकल्यास बहुधा ते लगेच उघड होते. हुंडीतील 'निम्म्याची दुप्पट' हीच युक्ती येथे गणिताच्या वेषात परतली आहे. मात्र या पद्धतीच्या मान्य याद्यांत जपानी, कोरियन, चेक इत्यादी भाषा असल्या तरी मराठी नाही, किंबहुना एकही भारतीय भाषा नाही. परतवाड्याच्या गृहस्थाने आपली शिल्लक परक्या भाषेतील असंबद्ध शब्दांच्या भरवशावर ठेवावयाची, ते शब्द बिनचूक उतरावयाचे, आणि घरातील इंग्रजी न जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांना त्यांचे मोल समजावून सांगावयाचे. ही अडचण लहान नाही. येथे पेठ नाही आणि परपेठही नाही. शब्द हरवले तर कोणता सावकार ओळख पटवून दुसरी प्रत देणार? उलट ते ज्याने पाहिले तो मालक होतो. शब्द कागदावर किंवा धातूच्या पत्र्यावर लिहावेत, दोन वेगळ्या जागी ठेवावेत, त्यांचे छायाचित्र मोबाईलमध्ये घेऊ नये आणि ते विचारणाऱ्या कोणासही सांगू नयेत, एवढाच यावर उपाय आहे.

नित्य वापराविषयी फार लिहावे असे काही नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले; तथापि कूटचलन हे भारतात कायदेशीर चलन नव्हे. १ एप्रिल २०२२ पासून त्याच्या हस्तांतरातील नफ्यावर तीस टक्के कर आहे, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून हस्तांतराच्या रकमेवर एक टक्का करकपातही. चहाच्या पैशापुरते नाणे दिले तरी ते हस्तांतरच. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयने कशाचे काम केव्हाच पत्करलेले असल्यामुळे, मोबाईलच्या वॉलेटात खिसा कापला गेला तरी सोसेल इतकीच रक्कम ठेवून बाकीची उपकरणात ठेवणे श्रेयस्कर. उपकरणात मोठी रक्कम टाकण्यापूर्वी अल्प रक्कम पाठवावी, उपकरण पुसून टाकावे आणि लिहिलेल्या शब्दांवरून ती रक्कम परत येते की नाही हे पाहावे. सराफ नाणे वाजवून घेत असे, तसेच हे.

सर्वांत अवघड भाग मालकाच्या मृत्यूचा. बँकेतील खात्यास नामनिर्देशन असते, पेढीवर वारस ओळखणारा मुनीम असे. बारा शब्दांस यांपैकी काहीच नाही. घरातील एका माणसाला शब्द कोठे आहेत हे सांगून ठेवावे, तर हरिपाळदेवाच्या हाती अलंकार जाण्याची भीती. न सांगावे, तर हंडा जमिनीतच राहावयाचा. काही जण शब्दांची जागा मृत्युपत्रासोबतच्या मोहोरबंद लिफाफ्यात लिहून ठेवतात, काही जण तीनपैकी दोन किल्ल्यांनी उघडणारे वॉलेट करून एक किल्ली पत्नीकडे आणि एक दूरच्या भावाकडे देतात. जुन्या हंड्याहून येथे एक भेद मात्र आहे. मृताची नाणी त्या सार्वजनिक वहीत, कोणत्या खात्यावर किती, हे वारसांना आणि साऱ्या जगाला रोज स्पष्ट दिसत राहतात. त्यासाठी पायाळू माणूस लागत नाही की अंजन लागत नाही.