पंडिता रमाबाई आणि कृपेचा अर्थ

कर्जतला मागून जादा इंजिनें लागल्यावांचून बहुतेक आगगाड्या बोरघाट चढत नाहींत. खालापूरचा मुलूख खालीं राहतो आणि माथ्यावर लोणावळें येतें. तेथील ख्रिस्ती मेळाव्यास १८९५ सालीं पंडिता रमाबाई आपल्या मुलींसह गेल्या होत्या.

बाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत झाला. परंतु धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, हें उमगावयास आणखी आठ वर्षें लागलीं, अशी त्यांचीच साक्ष आहे. लहानपणीं त्यांनीं तीर्थें, व्रतें, दानें यांनीं पुण्य जोडणें एवढेंच पाहिलें होतें. त्यापायीं घरची संपत्ति सरली आणि दुष्काळांत आईबाप दगावले. अशा मनास बाप्तिस्मा हेंहि एक व्रतच वाटलें असल्यास नवल नाहीं! पुढें विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त त्यांनीं वाचलें. उपदेश करीत असतांहि आपलें तारण झालें नाहीं, हें त्यास उशिरां कळलें होतें. बाईंस उलगडा झाला: तारण हें पुण्याईचें वेतन नव्हे, अपात्रास मिळणारें दान होय. ‘कृपा’ हा शब्द संतांमुळें मराठी कानांस जुनाच. येथें मात्र तिचें मोल ख्रिस्तानें क्रुसावर भरलेलें होतें.

१८९७ च्या सुमारास मध्यप्रांतांतील दुष्काळांतून शेंकडों मुलीबायका त्यांनीं आणल्या, आणि केडगांवीं सांभाळल्या.