भावाच्या आलेखात शून्य कुठे?

आजची गोष्ट एका आलेखाची, पण सुरुवात आमच्या बोरी बुद्रुकच्या कुकडीकाठी. इथल्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. अनेक संशोधक तो सुमात्रातल्या टोबाच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी जोडतात. काहींच्या मते राख त्याहून बरीच जुनी. थोड्या उंचीत केवढा काळ मावतो, बघा.

भावांचंही तसंच करता येतं. विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये व्यापाराचे आकडे रेषेत मांडले. १८२१ मध्ये त्याने गव्हाचा भाव आणि मजुरी एकाच चित्रात आणली. पण रेषेला उंची लागते. २००५ मध्ये जपानच्या ताकाफुमी साइतो आणि सहकाऱ्यांनी आलेखाच्या पट्ट्या कापून, रंग बदलत एकावर एक ठेवल्या. पुढे २००८ च्या सुमारास पॅनॉप्टिकॉन कंपनीमुळे हाच प्रकार 'होरायझन चार्ट' म्हणून पुढे आला.

आता नारायणगावचं टोमॅटो मार्केट घ्या. जुलै २०२३ मध्ये वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं. सगळीकडे तीच बातमी! पण त्याच मे महिन्यात महाराष्ट्रात भाव पडून टोमॅटो फेकायची वेळ आली होती. साध्या रेषेत जुलैचा सुळका दिसतो, मे जमिनीला चिकटतो.

होरायझनमध्ये काय होतं? उदाहरणासाठी धरू, क्रेटमागे खर्च २०० रुपये. कोडमध्ये प्रत्येक भावातून २०० वजा करायचे. मग २०० रुपयांची एक, अशा चार पट्ट्या. पायथनमध्ये एक लूप आणि क्लिप फंक्शन, झालं काम. नफा निळा, चढेल तसा गडद. चार पट्ट्यांच्या वरचं कापलं जातं. तोटा लाल, उलटून वर येतो. भाव ५० असेल तर तोटा १५०, म्हणजे पाऊण पट्टी लाल. दोन हजारांच्या रेषेत तोच तोटा दहाव्या हिश्शापेक्षाही कमी दिसला असता.

मी आधी शून्याच्या जागी सरासरी भाव ठेवला होता. वडील म्हणाले, "सरासरी कुणाला मिळते रे? पट्टी बघ आणि खर्च बघ." बरोबरच होतं. सुळक्यामुळे सरासरी फुगते आणि तोटा कुठून सुरू झाला तेच कळत नाही.

तेव्हा तुमच्या गावच्या पिकाचा आलेख काढाल, तर आधी घरी खर्च विचारा, मग कोड लिहा. भेटू पुढच्या भागात!