एका तारेवर अनेक उपकरणे : हायपरवायझरपुढील सामायिक इंटरप्टचा प्रश्न

द्वारका (नवी दिल्ली) : एकाच सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालवणाऱ्या हायपरवायझर प्रणालीपुढे सामायिक इंटरप्टची हाताळणी हा जुना आणि नाजूक प्रश्न आहे. दोन उपकरणे एकाच इंटरप्ट तारेवर असतील आणि त्यांपैकी एक उपकरण अतिथी यंत्राच्या ताब्यात दिले असेल, तर त्या यंत्राच्या दिरंगाईमुळे सर्व्हरवरील इतरांचे कामही ठप्प होऊ शकते.

द्वारकेत सेक्टर ३ मध्ये नेताजी सुभाष तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. १९८३ मध्ये दिल्ली तंत्रज्ञान संस्था म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेला २०१८ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अशा संस्थांतील संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात इंटरप्ट हा पायाभूत विषय असतो. मात्र सर्व ड्रायव्हर एकाच कर्नलमध्ये आहेत, हे पाठ्यपुस्तकातील गृहीतक हायपरवायझरमध्ये मोडते.

सामायिकतेचे मूळ

उपकरणाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी पाठवलेला संकेत म्हणजे इंटरप्ट. जुन्या वैयक्तिक संगणकांत ८२५९ प्रकारच्या दोन नियंत्रकांमुळे अशा १५ तारा उपलब्ध होत्या. त्या अपुऱ्या पडत असल्याने पीसीआय रचनेत अनेक उपकरणांना एकच तार वापरण्याची मुभा देण्यात आली. उपकरणाची गरज भागेपर्यंत तारेवरील संकेत कायम राहतो. लिनक्स त्या तारेवरील प्रत्येक ड्रायव्हरला क्रमाने विचारणा करते आणि ज्याचे उपकरण असेल तो ड्रायव्हर संकेत शांत करतो. एक लाख इंटरप्टपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस ठरल्यास लिनक्स ती तार बंद करते.

पेच कोठे आहे?

उपकरण अतिथी यंत्राला दिल्यावर त्याचा ड्रायव्हर अतिथी यंत्रात असतो. ते उपकरण कसे शांत करावे, हे यजमान प्रणालीला ठाऊक नसते. संकेत तसाच राहिला तर इंटरप्टचा अखंड भडिमार होतो आणि अतिथी यंत्राला चालण्याची संधीच मिळत नाही. अतिथी यंत्र काम संपवेपर्यंत संपूर्ण तार बंद ठेवणे, हा पहिला उपाय. मात्र त्याच तारेवर यजमानाची डिस्क असल्यास तिचे संकेतही अडतात. अतिथी यंत्र थांबवलेले किंवा हेतुपुरस्सर गप्प असेल, तर ही अडवणूक संपतच नाही. त्यामुळे स्वतंत्र तार नसल्यास उपकरण देण्यास नकार देणे, हाच दीर्घकाळ सुरक्षित मार्ग होता.

उपाययोजना

२००२ मधील पीसीआय २.३ मानकाने तोडगा दिला. प्रत्येक उपकरणात संकेत प्रलंबित असल्याचे दर्शवणारा एक बिट आणि केवळ त्याच उपकरणाचा संकेत रोखणारा दुसरा बिट आला. यजमान प्रथम पहिला बिट वाचतो. संकेत त्याच उपकरणाचा असेल तर दुसऱ्या बिटने त्याला गप्प करतो आणि अतिथी यंत्राकडे आभासी इंटरप्ट पाठवतो. तार इतरांसाठी मोकळी राहते. अतिथी यंत्राने काम पूर्ण केल्याची खूण मिळताच रोख उठवला जातो. फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स २.६.२० सोबत आलेल्या केव्हीएम या हायपरवायझरमध्ये ही सोय २०१२ मधील लिनक्स ३.४ आवृत्तीत आली. त्याच वर्षी दाखल झालेली व्हीएफआयओ ही व्यवस्थाही याच तत्त्वावर चालते. या बिटांची सोय नसलेल्या उपकरणासाठी ती आजही स्वतंत्र तारेचा आग्रह धरते.

संदेशरूपी इंटरप्ट

अधिक मूलगामी उपाय म्हणजे तारेऐवजी संदेश. एमएसआय पद्धतीत उपकरण ठरावीक पत्त्यावर मजकूर लिहून इंटरप्ट देते. एमएसआयमध्ये एका उपकरणाला ३२ आणि एमएसआय-एक्समध्ये २,०४८ पर्यंत इंटरप्ट मिळू शकतात, त्यामुळे सामायिकतेची गरज उरत नाही. परंतु अतिथी यंत्राच्या हातातील उपकरण बनावट संदेशही लिहू शकते. राफाल वोइचुक आणि योआना रुत्कोव्स्का यांनी २०११ मध्ये या मार्गाने होणारे हल्ले दाखवून दिले. इंटरप्टची हार्डवेअर पातळीवर पडताळणी करणारी इंटरप्ट रीमॅपिंग सुविधा हा त्यावरील उपाय आहे. ती नसल्यास व्हीएफआयओ उपकरण देण्यास नकार देते. प्रशासकाने स्वतःहून धोका पत्करल्यासच हा नियम शिथिल होतो.

पीसीआय एक्स्प्रेसमध्ये प्रत्यक्ष इंटरप्ट तारा नाहीत. तरीही जुन्या पद्धतीचे संकेत त्यात संदेशांद्वारे अनुकरणाने टिकून आहेत. म्हणूनच एखादे उपकरण अतिथी यंत्राला देण्यापूर्वी ते एमएसआय वापरते का, त्याची तार कोणाशी सामायिक आहे आणि इंटरप्ट रीमॅपिंग सुरू आहे का, या तीन बाबी तपासणे आवश्यक ठरते.