घोड्याची शेपटी आणि गाडीची मॅट

मंडळी, जुनी गाडी तपासून घेणे हा आजचा विषय ऐकून काहीजण हसलात. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याचा गॅरेजशी संबंध काय? सांगतो. पण सुरुवात आपल्या चौल-रेवदंड्यापासून करू.

१४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला उतरला. रेवदंड्यातले त्याचे स्मारक तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. सोबत विकायला एक घोडा होता, होर्मुझकडून गलबतातून आणलेला. दख्खनच्या फौजांना चांगला घोडा समुद्रापलीकडूनच यायचा. आता बघा, वाटेत घोडा मेला तर नुकसान कुणाचे? फर्नांव नुनिश या पोर्तुगीजाने लिहून ठेवले आहे, की विजयनगरचा साळुव नरसिंह मेलेल्या घोड्याचेही पैसे देई. व्यापाऱ्याने फक्त शेपटी आणून दाखवायची! गरज इतकी, की सगळी जोखीम खरेदीदाराने उचलली.

आमच्या लहानपणीच्या बैलबाजारात असली दानत नव्हती. ओठ वर करून दात मोजायचे: दोन दाती, चार दाती, जुळलेला. मग चालवून बघायचे. विकणारा काय बोलतो याला किंमत शून्य. नैयायिक याला प्रमाणांचा क्रम म्हणतील. डोळ्यांनी दिसते ते प्रत्यक्ष, खुणेवरून कळते ते अनुमान, आणि शब्द प्रमाण मानायचा तो फक्त आप्ताचा, म्हणजे विश्वासार्ह माणसाचा. गाडी विकणारा आप्त नव्हे, बरं का.

१९३० च्या माल विक्री कायद्याचे १६ वे कलम याच बाजारातून निघाल्यासारखे वाटते. पाहून घेणे ही गिऱ्हाइकाची जबाबदारी, हा मूळ नियम. त्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून घेतलात तर माल विकण्याजोगा असावा, एवढी हमी कायदा धरतो. पण गंमत पुढे आहे. तुम्ही माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता अशा दोषाबद्दल ती हमी उरत नाही. म्हणजे वरवर बघणे कधीकधी न बघण्यापेक्षा महाग पडते.

आम्हाला ते १९८६ साली पडले. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, दुसऱ्या हाताची. नव्या गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्यामुळे जुनीचा तोरा मोठा. आम्ही रंग पाहिला, हॉर्न वाजवला, खूश झालो. अलिबागच्या मेकॅनिककडे नेली तेव्हा त्याने आधी रबरी मॅट उचलली. खाली पत्रा गंजून गेलेला, भोकातून रस्ता दिसत होता. खारी हवा वरून नाही, खालून खाते. मग त्याने गाडी चालू करून मागे बोट दाखवले: निळसर धूर. पर्वतावर धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे आम्ही पंधरा वर्षे वर्गात शिकवत होतो. निळा धूर आहे म्हणून इंजिन ऑइल जळते आहे, हे त्याने अर्ध्या मिनिटात शिकवले.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. असली गाडी पुसूनपासून विकायला आली की ओळखायची कशी? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, चिखलाची रेघ आत राहते. स्टेपनीखालची जागा बघा. इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगा. आरसीवरचा चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा, कर्ज असेल तर बँकेची एनओसी मागा. आणि शक्यतो आपला मेकॅनिक न्या, विकणाऱ्याचा नको.

त्या पद्मिनीचे पुढे काय झाले, असे कुणीतरी विचारणारच. दोन वर्षांनी ती विकायला काढली. मॅट नवी घातली होती. गिऱ्हाईक गाडीभोवती दोनदा फिरले, टायरला लाथ मारून पाहिली, खूश झाले. आम्ही गप्प. मॅट उचलली ती आमच्या सौभाग्यवतींनी. भाव तिथल्या तिथे तीन हजारांनी उतरला.