बटवा बाईचा, मालक नवरा



बाजाराच्या गर्दीत कुणी पाकीट मारलं तर आपण पोलीस ठाण्यात जाऊन सांगतो, "साहेब, माझं पाकीट गेलं." हा 'माझं' शब्द आपल्या तोंडात सहज येतो. पण दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या लग्न झालेल्या बाईला कोर्टात तो म्हणता येत नव्हता. आणि गादीवर तर तेव्हा व्हिक्टोरिया राणी होती, म्हणजे एक बाईच!

व्हिक्टोरिया राणीचं राज्य १८३७ ते १९०१. त्या काळात रेल्वे पसरली, लंडन शहर वाढलं, स्टेशनं माणसांनी भरून गेली. गर्दी आली तसे खिसेकापूही आले. रेशमी हातरुमाल, साखळीचं घड्याळ, पैशांचा बटवा, दोरीवर वाळत घातलेले कपडे अशाच वस्तू चोरीला जायच्या. चोरीचा बराच माल गहाणवटीच्या दुकानात पोचायचा. त्याच दुकानात गरीब बाया सोमवारी घरातले चांगले कपडे गहाण ठेवायच्या आणि शनिवारी मजुरी हातात आली की सोडवून आणायच्या. म्हणजे एक कोट चोरीला गेला तर घरातला आठवड्याचा आधारच जायचा. कायदाही कडक होता. १८६१ च्या कायद्याप्रमाणे माणसाच्या अंगावरची वस्तू चोरली तर १४ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकत असे.

आता मिलिसेंट फॉसेट या बाईंची गोष्ट ऐका. त्यांचा जन्म १८४७ चा. एकोणीस वर्षांच्या असताना हेन्री फॉसेट यांच्याशी लग्न झालं. हेन्री दृष्टिहीन होते, तरी केंब्रिजला प्राध्यापक होते आणि पार्लमेंटचे सभासदही. भारताच्या पैशाची उधळपट्टी होते म्हणून ते पार्लमेंटमध्ये इतकं बोलत, की लोक त्यांना 'भारताचे सभासद' म्हणू लागले होते.

एकदा लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर एका पोरानं मिलिसेंट यांचा बटवा मारला. चोर जागीच पकडला गेला. बटव्यात १ पौंड, १८ शिलिंग, ६ पेन्स होते. खटला उभा राहिला तेव्हा आरोप असा होता: मिलिसेंट यांच्या अंगावरून बटवा चोरला, आणि तो बटवा हेन्री फॉसेट यांच्या मालकीचा. ते ऐकून मिलिसेंट यांना वाटलं, चोर म्हणून जणू आपल्यालाच उभं केलं आहे! पुढे आपल्या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवलं.

नवरा भला होता, बायकांच्या हक्कांच्या बाजूचा होता. पण कायद्याला त्याच्या भलेपणाशी काही देणंघेणं नव्हतं. कुमारिकेचा बटवा तिचा, विधवेचा बटवाही तिचाच. मात्र लग्न लागलं की बाईचे पैसे, दागिने आणि कमाईसुद्धा नवऱ्याची. नवरा दारुडा निघाला तर बायकोची मजुरी तो हक्कानं काढून घेई, आणि ती चोरी ठरत नसे.

हे आपोआप बदललं नाही. १८५६ मध्ये बार्बरा ली स्मिथ आणि त्यांच्या मैत्रिणींनी हजारो सह्या गोळा करून पार्लमेंटकडे अर्ज पाठवले. १८७० मध्ये कायदा झाला आणि बाईची मजुरी, तिच्या नावावरची बचत तिची झाली. पुढे १८८२ चा कायदा आला, तो १ जानेवारी १८८३ पासून लागू झाला. त्यानं बाईची सगळी मालमत्ता तिच्या नावावर मान्य केली. वस्तू चोरीला गेली तर 'ही वस्तू या बाईची' एवढं आरोपात लिहिणं पुरेसं झालं. पहिल्या अर्जापासून इथवर यायला २६ वर्षं लागली. मिलिसेंट फॉसेट पुढे मताच्या हक्कासाठी लढल्या. २०१८ मध्ये लंडनला पार्लमेंटसमोरच्या चौकात त्यांचा पुतळा बसला. त्या चौकातला बाईचा तो पहिलाच पुतळा.

आपल्याकडे 'स्त्रीधन' हा शब्द फार जुना. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टानंही स्पष्ट सांगितलं, की स्त्रीधन बाईचंच. ते सासरी नुसतं सांभाळायला दिलेलं असतं आणि मागितल्यावर परत केलं नाही तर तो गुन्हा आहे. पण कायदा असूनही दागिन्याची पावती कुणाच्या नावावर, शेळी घेतल्याचा कागद कुणाच्या नावावर, हे आपण कितीदा बघतो?

म्हणून मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत पासबुकाबरोबर घरातल्या चार पावत्याही घेऊन या. कोणत्या कागदावर कुणाचं नाव आहे ते आपण मिळून वाचू. आणि यापुढे स्वतःच्या पैशानं काही घ्याल तेव्हा दुकानदाराला आधी आपलं नाव सांगा, मग पैसे मोजा.