माहितीने तिसरीपर्यंत का थांबावे?

पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला गोष्टीच द्याव्यात, माहितीची पुस्तके तिसरीनंतर पाहता येतील, असे आपल्याकडचे बहुतेक शिक्षक आणि पालक मानतात. हे मत उथळ नाही. घोकंपट्टीच्या शाळेत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी गोष्टीला मानाची जागा मिळवून दिली, त्या कामाचे बळ या मतामागे आहे. म्हणून पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. लहान मूल जगाचा अर्थ गोष्टीतून लावते, हे त्याचे पहिले म्हणणे. माहितीपर मजकुरातले शब्द परके आणि जोडाक्षरांनी भरलेले असतात, हे दुसरे. आणि सर्वांत वजनदार तिसरे: आधी मुलाने वाचायला शिकावे, मग शिकण्यासाठी वाचावे, हा क्रम संशोधनानेच घालून दिला आहे.

हा क्रम हार्वर्डच्या जीन चॉल यांच्या नावावर सांगितला जातो. वाचनविकासाचे टप्पे त्यांनी 1983 साली मांडले. पण ते टप्पे म्हणजे मुले साधारणपणे काय करताना दिसतात याचे वर्णन होते. पहिल्या टप्प्यावर माहिती वर्ज्य करा, असा आदेश त्यातून निघत नाही. उलट चॉल यांनीच पुढे दोन सहकाऱ्यांबरोबर कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांचा अभ्यास केला. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ही मुले दुसरी-तिसरीपर्यंत इतरांच्या बरोबरीने वाचत होती आणि चौथीपासून मागे पडत होती. पहिली घसरण दिसली ती शब्दांच्या अर्थांत. अक्षरे येत होती. रोजच्या बोलण्यात न येणारे, अभ्यासाचे शब्द मात्र ओळखीचे नव्हते. ज्या मुलाला असे शब्द घरी ऐकायला मिळत नाहीत, त्याला शाळेनेही सुरुवातीची वर्षे त्यांच्यापासून दूर ठेवायचे आणि मग एकदम ‘परिसर अभ्यास’ हातात द्यायचे, याला क्रम म्हणता येणार नाही. चॉल यांचा आधार घेणाऱ्यांनी त्यांचे हे पुढचे काम वाचायला हवे.

मूल गोष्टीतूनच विचार करते, हा समजही पडताळून पाहिला गेला आहे. क्रिस्टिन पापस यांनी 1993 साली अमेरिकेतल्या बालवर्गातील 20 मुलांना दोन्ही प्रकारची पुस्तके वाचून दाखवली आणि मग ‘आता तू वाचून दाखव’ म्हटले. अजून वाचता न येणारी ती मुले माहितीच्या पुस्तकाची भाषा गोष्टीच्या भाषेइतक्याच सहजतेने बोलत होती. तरीही वर्गात काय घडत होते? नेल ड्यूक यांनी पहिलीचे 20 वर्ग पाहून 2000 साली लिहिले की माहितीपर मजकुराच्या वाट्याला दिवसाकाठी सरासरी 3.6 मिनिटे येतात. गरीब वस्त्यांतल्या शाळांत त्याहूनही कमी. मुलांना आवड नाही असे म्हणण्याआधी त्यांना ती चव घेऊ दिली होती का, हे विचारले पाहिजे.

पूर्वपक्षाचा एक मुद्दा मात्र मान्य करावाच लागतो. आपल्याकडे लहान मुलांसाठी माहिती म्हणून जे लिहिले जाते, त्यातले बरेचसे नीरस असते. ‘गाय हा पाळीव प्राणी आहे, तिला चार पाय असतात’ हे वाक्य गुराख्याच्या मुलाला काय देणार? त्यावर उपाय म्हणून आपण माहितीला गोष्टीचा सदरा घालतो: नदी बोलू लागते, थेंब आत्मकथा सांगतो. टोरांटोच्या पॅट्रिशिया गानेआ आणि सहकाऱ्यांनी 2014 साली दाखवले की प्राण्यांना माणसासारखे बोलते-चालते दाखवणाऱ्या पुस्तकांतून लहान मुले त्या प्राण्यांविषयीची खरी माहिती कमी शिकतात आणि माणसाचे गुण त्यांना जास्त चिकटवतात. बोलणारा कोल्हा गोष्टीत हवाच. पण मुलाला खऱ्या कोल्ह्याविषयी सांगायचे असेल, तर खराच कोल्हा सांगावा.

शब्दांच्या अवघडपणाचे उत्तर छोट्या गटाच्या वाचनात आहे. दुसरीची पाच-सहा मुले शिक्षकाभोवती बसली आहेत, प्रत्येकाच्या हातात त्याच मजकुराची प्रत. ‘गांडुळाला डोळे नसतात. तरी त्याला उजेड कळतो. ते त्वचेतून श्वास घेते. म्हणून त्याची त्वचा ओली राहावी लागते.’ चारच वाक्ये. वाचण्याआधी शिक्षक विचारतात, गांडूळ कुठे पाहिले, केव्हा पाहिले? शेतावर जाणारी मुले भराभर सांगतात. नांगरटीच्या वेळी, शेणखताच्या ढिगात, पाऊस पडून गेल्यावर. ‘त्वचा’ या शब्दाशी सगळे अडतात. शिक्षक तो फोडून वाचून घेतात, हाताची कातडी चिमटीत धरायला लावतात, वाक्य पुन्हा वाचायला सांगतात. मग प्रश्न येतो: उन्हात पडलेले गांडूळ का मरते? उत्तर मजकुरात सरळ लिहिलेले नाही. तिसरे आणि चौथे वाक्य जोडले तरच ते मिळते. एखादा आपल्या मनाने काही सांगतो, तेव्हा शिक्षक विचारतात, ‘कुठे लिहिलंय? बोट ठेव.’ पुराव्यावर बोट ठेवण्याची ही सवय पूर्ण वर्गाच्या एकसुरी प्रकट वाचनात लागत नाही. चाळीस आवाजांत कोण वाचतो आणि कोण नुसते ओठ हलवतो, हे शिक्षकाला कळायला मार्गच नसतो.

अशा गटात आणखी एक मोलाची गोष्ट घडते. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी 1988 साली सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले. खेळाची चांगली जाण असलेल्या कच्च्या वाचकांनी, खेळ न कळणाऱ्या पक्क्या वाचकांपेक्षा तो डाव अधिक नीट सांगितला. आपल्याकडे शेतमजुराच्या, मच्छीमाराच्या, गुराख्याच्या मुलाकडे माती, भरती-ओहोटी, गुरे यांचे पक्के ज्ञान असते. राजवाड्याची गोष्ट त्या ज्ञानाला हात लावत नाही; गांडुळाचा, खेकड्याचा मजकूर लावतो. ज्याच्यावर वर्गात ‘अप्रगत’ असा शिक्का बसला आहे, तो त्या पंधरा मिनिटांत इतरांना सांगणारा होतो. पुस्तक आपल्याविषयीही बोलते, हे त्याला पहिल्यांदा कळते. मला या सगळ्या वादात हे सर्वांत महत्त्वाचे वाटते.

गटवाचनावरच आक्षेप घेणारेही आहेत. आयरीन फाउंटस आणि गे सू पिनेल यांनी 1996 च्या पुस्तकातून ही पद्धत लोकप्रिय केली. तिच्यावर दोन टीका झाल्या: मुलांना पातळ्यांमध्ये कोंडले जाते आणि चित्रावरून शब्दाचा अंदाज बांधायला शिकवले जाते. दोन्ही टीका मला रास्त वाटतात. पण छोटा गट त्यांच्यासह बुडत नाही. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ आहे. मुलाला अक्षरे, स्वरचिन्हे, जोडाक्षरे नीट शिकवावीत आणि शब्द वाचूनच घ्यावा, अंदाजाला जागाच ठेवू नये. आणि गट पातळीवर न पाडता विषयावर, गरजेवर पाडावेत, दर पंधरवड्याला बदलावेत. वर्षभर एकाच गटात बसलेले मूल स्वतःला त्याच नावाने ओळखू लागते.

उरतो वेळेचा आणि पुस्तकांचा प्रश्न. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. म्हणजे सहा-सहांचे पाच गट. रोज एका गटाला वीस मिनिटे दिली, तर आठवड्यात प्रत्येक मूल एकदा शिक्षकाच्या समोर बसून वाचते. द्विशिक्षकी शाळेतले शिक्षक एका वर्गाला काम देऊन दुसऱ्याला शिकवण्याची कसरत रोज करतातच. त्यांना ही घडी नवी नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर 2015 पासून मराठी पुस्तके मोफत मिळतात, त्यात विज्ञानाचीही आहेत. आणि तेही नसेल, तर शिक्षकाने फळ्यावर स्वतः लिहिलेली गांडुळाची चार वाक्ये उद्यापासून पुरतात.