पडद्यावरचं चित्र कोण काढतं?

सप्टेंबर २०२०. सर्वोच्च न्यायालयात एका हिंदी वृत्तवाहिनीच्या कार्यक्रमाविरुद्ध सुनावणी सुरू होती. प्रशासकीय सेवेत निवडले जाणारे मुस्लिम तरुण म्हणजे ‘घुसखोरी’ आणि ‘जिहाद’, असा त्या मालिकेचा दावा होता. रोख थेट जामिया मिल्लिया इस्लामियाच्या निवासी प्रशिक्षण केंद्रातल्या मुलामुलींवर होता. १५ सप्टेंबरला न्यायालयाने उरलेल्या भागांचं प्रसारण थांबवलं. त्या सुनावण्यांमध्ये न्यायमूर्तींनी निवेदकाच्या बोलण्याबरोबर पडद्यावरच्या ग्राफिक्सकडेही लक्ष वेधलं. गोल टोपी, दाढी, हिरवे कपडे आणि पाठीमागे आगीच्या ज्वाळा. परीक्षा पास झालेल्या पोरांचं चित्र असं काढलं होतं.

वस्तुस्थिती काय होती? त्या वर्षी जामियाच्या केंद्रातून ३० जण निवडले गेले. त्यात १६ मुस्लिम आणि १४ हिंदू होते. या केंद्रात अल्पसंख्याकांबरोबर अनुसूचित जाती, जमाती आणि महिला उमेदवारांनाही प्रवेश मिळतो. आकडे उपलब्ध होते, पण ज्वाळा काढणाऱ्याला त्यांची गरज नव्हती.

या प्रकरणात एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही. ज्या जामियाचं चित्र असं रंगवलं गेलं, त्याच जामियाच्या आवारात गेली चाळीसहून अधिक वर्षं विद्यार्थ्यांना स्टुडिओत उभं राहून कार्यक्रम कसा करावा, कल्पना कशी बांधावी, पडद्यावर चित्र आणि अक्षर कसं आणावं हे शिकवलं जातं. हा इतिहास आपल्याला माहीत असायला हवा. कारण प्रश्न एका वाहिनीपुरता नाही. पडद्यावरचं आपलं चित्र कोण काढतं, हा तो प्रश्न आहे.

एका विद्यार्थ्याने काढलेला डोळा

ग्राफिक म्हणजे कार्यक्रम झाल्यावर वरून लावलेली सजावट, असा समज आपल्याकडे आहे. तो किती चुकीचा आहे हे सांगणारं उदाहरण आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलं आहे.

दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं होणार होतं. त्यासाठी बोधचिन्ह हवं होतं. काम अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडे, म्हणजे ‘एनआयडी’कडे आलं. तिथे देवाशिष भट्टाचार्य नावाच्या विद्यार्थ्याने वर्गातला अभ्यास म्हणून एक आकृती काढली होती. मधोमध एक गोळा आणि त्याला दोन बाजूंनी कवेत घेणाऱ्या दोन वक्ररेषा. पाहिलं तर मानवी डोळा, आणखी पाहिलं तर एकमेकांना पूरक असलेल्या दोन शक्ती. संस्थेने शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या मिळून चौदा आकृत्या पाठवल्या. इंदिरा गांधींनी त्यातून ही निवडली. त्याच संस्थेतल्या आर. एल. मिस्त्री यांनी ती कॅमेऱ्याखाली फिरवून हलती केली. पंडित रविशंकर आणि शहनाईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांनी धून बांधली. १ एप्रिल १९७६ला देशाने ती पाहिली आणि ऐकली.

हे काम कसं झालं ते महत्त्वाचं आहे. आधी कल्पना: पाहणं. मग तिचा आकार: डोळा. मग हालचाल, मग सूर. यंत्र सगळ्यात शेवटी आलं. ज्वाळांच्या ग्राफिकमागेही असाच क्रम असतो. तिथेही आधी कल्पना असते, आणि ती द्वेषाची असते. म्हणून ग्राफिकशी भांडताना त्याच्या रंगांशी भांडून भागत नाही, त्यामागच्या कल्पनेपर्यंत जावं लागतं.

जामिया: हाताने करून शिकण्याची परंपरा

जामियाची स्थापना २९ ऑक्टोबर १९२०ची, अलीगढमधली. असहकार आणि खिलाफत चळवळीच्या काळात सरकारी मदतीवरच्या शिक्षणाला नकार देऊन ती उभी राहिली. १९२५मध्ये ती दिल्लीच्या करोलबागेत आली आणि पुढे ओखल्यात स्थिरावली.

तिला आकार देणारे डॉ. झाकिर हुसेन तेव्हा बर्लिनमध्ये अर्थशास्त्राचं संशोधन करत होते. १९२५मध्ये त्यांनी तिथल्या काव्यानी छापखान्यातून ‘दीवान-ए-ग़ालिब’ची एक देखणी, खिशात मावणारी आवृत्ती छापून घेतली. त्यासाठी ते स्वतः खिळे जुळवायला बसले. पुढे भारताचे राष्ट्रपती झालेला हा माणूस तरुणपणी छापखान्यात अक्षर, समास आणि कागद यांचा विचार करत होता. मजकुराइतकंच त्याच्या दिसण्याला महत्त्व आहे, हे भान जामियाच्या पायातच आहे.

ऑक्टोबर १९३७मध्ये वर्धा इथे शिक्षण परिषद भरली. महात्मा गांधींच्या ‘नई तालीम’चा आराखडा करण्यासाठी समिती नेमली गेली आणि तिचं अध्यक्षपद झाकिर हुसेन यांच्याकडे आलं. हातांनी काम करत शिकणं हा त्या योजनेचा गाभा होता. महाराष्ट्राच्या मातीत ठरलेली ही गोष्ट आज किती जणांना आठवते?

जामियाचं बोधचिन्हही पाहा. वर चांदणी, मध्ये पुस्तक, दोन्ही बाजूंना खजुराची झाडं, तळाशी चंद्रकोर. पुस्तकावर सूरह अलकमधली आयत आहे, माणसाला जे ठाऊक नव्हतं त्याच्या शिकवणीचा उल्लेख करणारी. चंद्रकोर इथेही आहे आणि वृत्तवाहिनीच्या भडक पट्टीवरही असते. इथे ती पुस्तकाखाली आहे, तिथे ज्वाळांपुढे. खूण एकच, अर्थ पूर्ण उलट. ग्राफिक शिकणं म्हणजे काय, ते यातून समजतं. कोणती खूण कशाशेजारी ठेवायची, याचा निर्णय म्हणजे ग्राफिक.

१९८२ चा स्टुडिओ

१९८२मध्ये जामियात ‘मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटर’ सुरू झालं. कल्पना तत्कालीन कुलगुरू अन्वर जमाल किडवाई यांची. ते केंद्रीय माहिती व प्रसारण खात्याचे सचिव राहिले होते, त्यामुळे पडद्याची ताकद त्यांनी सत्तेच्या आतून पाहिली होती. सोबतीला आले जेम्स बेव्हरिज. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात घडलेला हा माहितीपटकार १९५०च्या दशकात भारतात राहून बर्मा-शेल कंपनीसाठी माहितीपट करून गेला होता. पुढे तो टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठात चित्रपट शिकवत होता. त्या विद्यापीठाच्या सहकार्याने आणि कॅनडाच्या मदतीने जामियात कॅमेरे आले, स्टुडिओ उभा राहिला आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. आज ते केंद्र किडवाईंच्याच नावाने ओळखलं जातं. कबीर खान, किरण राव हे इथले विद्यार्थी. शाहरुख खाननेही इथे प्रवेश घेतला होता, अभ्यासक्रम मात्र पुरा केला नाही.

वर्ष लक्षात घ्या. १९८२मध्येच देशात रंगीत दूरदर्शन आलं, आशियाई स्पर्धा घराघरात दिसल्या. चित्रपट-दूरचित्रवाणीचं शिक्षण तोवर मुख्यतः पुण्याच्या संस्थेपुरतं होतं. दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षणही १९७४मध्ये दिल्लीहून तिथेच हललं होतं. अशा वेळी मुस्लिमांनी उभारलेल्या, पण सर्वांसाठी खुल्या असलेल्या एका संस्थेने ठरवलं, की आपली मुलं फक्त प्रेक्षक राहणार नाहीत. अलीकडे समाजाच्या मागासलेपणावर बोलताना आपण नेहमी सर सय्यद यांच्यापाशी थांबतो. किडवाईंचा हा निर्णयही त्याच मालिकेत मोजायला हवा.

पुठ्ठा, पांढरी अक्षरं आणि कल्पना

त्या काळात स्टुडिओसाठी ग्राफिक करणं म्हणजे काय होतं? संगणक नव्हता किंवा आवाक्यात नव्हता. काळ्या पुठ्ठ्यावर पांढरी अक्षरं लिहिली जात किंवा लेट्रासेटच्या पानावरून घासून उमटवली जात. पुठ्ठा एका स्टँडवर ठेवायचा, एक कॅमेरा त्यावर रोखायचा. स्विचरवर पांढरा भाग तेवढा उचलला जाई, काळा गळून पडे आणि बोलणाऱ्याच्या छातीवर त्याचं नाव उमटे. नाव बदलायचं असेल तर कुणीतरी हात न हलवता पुढचा पुठ्ठा सरकवायचा. नकाशा, आलेख, बाण, सगळं पुठ्ठ्यावर, कात्री आणि पोस्टर कलरने.

यात नियम होते आणि त्यांना कारणं होती. पडदा चार बाय तीनचा, म्हणून पुठ्ठाही त्याच प्रमाणात. घरातले टीव्ही संच चित्राच्या कडा कापत, म्हणून मजकूर मध्यभागी. बारीक आडवी रेघ पडद्यावर लुकलुकते, म्हणून देवनागरीची शिरोरेषा जाड ठेवावी लागे. उर्दूचं तर आणखी अवघड. नस्तालीक लिपी उताराने चालते, सुट्या खिळ्यांत ती बसत नाही. पाकिस्तानात अहमद मिर्झा जमील यांची ‘नूरी नस्तालीक’ १९८१मध्ये यंत्रावर आली, त्याआधी सुंदर उर्दू शीर्षक हवं असेल तर कातिबाच्या कलमाशिवाय पर्याय नव्हता.

अडचणींचा एक फायदा होता. एक पुठ्ठा करायला तास लागतो म्हटल्यावर तो खरंच हवा आहे का, हा विचार आधी व्हायचा. स्टुडिओत दोन-तीन कॅमेरे, एक निवेदक, दोन पाहुणे आणि ठरलेली वेळ. आत गेल्यावर कल्पना शोधत बसता येत नाही. म्हणून कार्यक्रमाची तयारी कागदावर होते. विषय एका वाक्यात लिहायचा. पाणीटंचाई हा विषय झाला. ‘आमच्या मोहल्ल्यातल्या बाया पाण्यासाठी रात्री दोनला उठतात’ ही कल्पना झाली. मग चौकोन काढून दृश्यामागून दृश्य मांडायचं, आणि त्यानंतर विचारायचं, की जे कॅमेरा दाखवू शकत नाही ते काय? त्या बायांच्या झोपेचे तास कॅमेऱ्याला दिसत नाहीत. तिथे ग्राफिक लागतं. एक घड्याळ, एक हंडा, दोन आकडे. बस्स. बाकी सजावट कल्पनेला झाकून टाकते.

१५ ऑगस्ट १९८४ला विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केलं. इन्सॅट-१बी उपग्रहावरून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी रोज कार्यक्रम जाऊ लागले. ते बनवणाऱ्या विद्यापीठीय केंद्रांत जामिया होतं, तसंच आपलं पुणेही होतं. विज्ञान, इतिहास, अर्थशास्त्र समजावताना ग्राफिकला उत्तर द्यावं लागे, की पाहणाऱ्याला कळलं का? घाबरवणं हे त्याचं काम नव्हतं. आजच्या वृत्तवाहिन्यांच्या ग्राफिक्सशी तुलना करून पाहा.

आता यंत्र खिशात आहे

आज मालेगाव, भिवंडी, नांदेड, मिरजेतल्या कुठल्याही मुलाच्या मोबाइलमध्ये त्या जुन्या स्टुडिओपेक्षा जास्त सोयी आहेत. मराठीतून बोलणारे मुस्लिम तरुण यूट्यूबवर दिसतात, याचा आनंदच आहे. पण त्यांच्या व्हिडिओंची मुखपृष्ठं पाहिली की चिंता वाटते. विषय शिष्यवृत्तीचा असो, वक्फच्या जमिनीचा की मुलींच्या शिक्षणाचा, चित्र तेच. मशिदीचा घुमट, हिरवी पार्श्वभूमी, बुरख्यातली पाठमोरी बाई, लाल बाण. दुसऱ्यांनी आपल्यासाठी तयार केलेला साचा आपणच उचलतो आणि त्यात आपलं नाव घालतो. ज्वाळा नसतात एवढाच फरक.

याचा दोष त्या मुलांना देऊन चालणार नाही. तयार चित्रांच्या भांडारात ‘मुस्लिम’ शब्द शोधला की टोपी, तसबीह आणि घुमटच पुढे येतात. यंत्रमागावरचा कामगार, कोकणातली मच्छीमार बाई, जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर, आंब्याच्या बागेतला राखणदार शोधून सापडत नाही, कारण ते चित्र कुणी काढलेलंच नाही. ते आपल्यालाच काढावं लागेल.

आपल्या समाजात शाळा-महाविद्यालयं चालवणाऱ्या संस्था कमी नाहीत. स्नेहसंमेलनाच्या मंडपावर जेवढा खर्च होतो, त्यात एक खोली, दोन दिवे, एक माइक आणि एक संगणक येतो. त्या खोलीत पहिला महिना कॅमेऱ्याला हात लावू नये. मुलांना कागद आणि पेन्सिल द्यावी आणि आपल्या गल्लीविषयी एक वाक्य लिहायला सांगावं, मग त्या वाक्याचं चित्र. त्यात घुमट आला तर विचारावं, इथे तो कशासाठी? उत्तर असेल तर राहू द्यावा, नसेल तर खोडावा. त्या बोधचिन्हातली चंद्रकोर पुस्तकाखाली ठेवणाऱ्यांनीही असाच विचार केला असणार.

न्यायालय एखादा कार्यक्रम थांबवू शकतं, रिकाम्या पडद्यावर आपलं चित्र काढून देऊ शकत नाही. किडवाई आणि बेव्हरिज यांनी ते काम १९८२मध्ये एका पिढीच्या हाती सोपवलं होतं. मराठी मुलखात ते अजून गावोगावी सुरू व्हायचं आहे.